अकरा रविवारांचा एक दिवस

मामाला रस्त्यात माणसं दिसायचीच नाहीत, मापं दिसायची. "तो बघ, छाती चाळीस आणि पोट चव्वेचाळीस. याचा शिंपी रडत असणार." बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरकडे तो असा टक लावून बघायचा की बिचारा दोनदा मागे वळून मान चाचपून घ्यायचा.

भाचीला हे सगळं तोंडपाठ होतं. चार वर्षांची असताना ती दुकानात मशिनभोवती गोल गोल फिरायची, म्हणून मामाने तिचं नाव बॉबिन ठेवलं. ते इतकं चिकटलं की शाळेच्या पटावरच्या नावाने कुणी हाक मारली तर तीच इकडेतिकडे बघायची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. काचेचं दार, दारापाशी कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, त्यांच्यामागे पडदा आणि पडद्याआड आरसा. गिऱ्हाईक नवे कपडे घालून बाहेर आलं की मामा दोन पावलं मागे सरकायचा आणि मान तिरकी करायचा. कपडा चांगला बसला असेल तर काहीच बोलायचा नाही. नसेल बसला तर, "वा वा, एकदम झकास, फक्त परवा या." हा परवा कधी परवा उजाडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तरी माणसं यायची. मामी म्हणायची, "यांना शिवता कमी येतं, थोपवता जास्त."

बॉबिनला सिनेमा शिकायचा होता आणि शिकवणारी संस्था मामाच्या गावात होती. बाबांना ते पटेना. बाबा फोनवर फळ्यावर लिहिल्यासारखं बोलायचे. "मुद्दा एक, सिनेमा हे शिक्षण नव्हे. मुद्दा दोन, मुद्दा एकवर चर्चा नाही." शेवटी मामाने फोन हातात घेतला. "दाजी, एक वर्ष माझ्या भरवशावर सोडा. वर्षाच्या शेवटी हिची फिल्म पास झाली नाही, तर मी स्वतः हिला गाडीत बसवून आणतो आणि तुमच्यासमोर कान धरून उभा राहतो."

"मुद्दा तीन," बाबा म्हणाले, "कान लक्षात ठेवीन."

म्हणजे सगळा खेळ एका आठ मिनिटांच्या फिल्मवर आला. पास झाली तर बॉबिन इथे, नाही तर घरी जाऊन मुद्दे ऐकायचे.

वर्गात आधी प्रत्येकाने आपली गोष्ट तीन शिक्षकांसमोर पाच मिनिटांत मांडायची होती. पिचिंग. सहा जणांच्या गोष्टीत शेवटी सगळं स्वप्न निघालं. एकाने पडद्यावर नुसता रिकामा जिना दाखवला आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. बॉबिनकडे दाखवायला काही नव्हतं. ती मधोमध उभी राहिली आणि सरळ मामा झाली.

गोष्ट एवढीशी. एक माणूस शिंप्याकडे कोट शिवायला टाकतो. आज ट्रायलचा दिवस. शिंपी सकाळपासून दाराकडे बघतोय. भलतीच गिऱ्हाइकं येतात, तो माणूस येत नाही. दुकान बंद करताना शिंपी तो कोट स्वतःच्या अंगावर घालून बघतो. संपलं. पण बॉबिनने ती सांगितली मामाच्या आवाजात आणि गिऱ्हाइकांच्या नखऱ्यात. "जरा सैल ठेवा हं, जेवल्यानंतरचं माप घ्या" म्हणणारा गृहस्थ. "अगदी याच्यासारखंच शिवा, फक्त असं नको" म्हणणाऱ्या बाई. दाढीवाले सर हसून हसून डोळे पुसायला लागले.

चष्मेवाले सर म्हणाले, "बेसिकली, काम कोण करणार?"

"माझा मामा."

"त्यांनी बेसिकली अभिनय केलाय का कधी?"

"रोज करतो, सर. कपडे परवा मिळतील म्हणून सांगतो."

संकलन शिकवणाऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "गोष्ट एका दिवसाची. शूटिंग किती दिवस?"

"दुकान रविवारी बंद असतं. म्हणून फक्त रविवारी. अकरा रविवार."

"मग ऐक. ते अकरा रविवार मला एक दिवस वाटले पाहिजेत. कुठे एका ठिकाणी जरी जोड दिसला तरी नापास करीन. नंतर रडत यायचं नाही."

घरी येऊन बॉबिनने हे बाईंच्या आवाजात करून दाखवलं. मामा ताटावर बसला होता. "जोड दिसायचा नाही," तो म्हणाला. "आपला धंदाच तो आहे."

कॅमेऱ्यावर वर्गातला लांब्या होता. दुकानाच्या प्रत्येक चौकटीला त्याचं डोकं लागायचं आणि वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची त्याला सवय होती. "मामा, तुम्ही जरा... हां, आणि मग तिकडे... बास." मामाला ते बरोबर समजायचं. अर्धवट बोलणारी गिऱ्हाइकं त्याने आयुष्यभर सांभाळली होती.

संध्याकाळचे प्रसंग आधी घ्यायचे आणि सकाळचे शेवटी असं ठरलं. सकाळचं ऊन काचेच्या दारातून टेबलापर्यंत पोचायला अजून दोन महिने जायचे होते. बॉबिनने एक जाड वही केली. प्रत्येक शॉटनंतर त्यात लिहायची: वरचं बटण उघडं. बाह्यांना दोन घड्या. माप घ्यायची पट्टी गळ्यात, डावं टोक लांब. खडू उजव्या कानामागे. शर्ट एकच, पांढऱ्यावर निळ्या उभ्या रेघांचा, मामाने स्वतः बेतलेला. केस कापायचे तर ठरावीक दिवशीच, मिशीला हात लावायचा नाही. मामा म्हणायचा, "इतकी चौकशी लग्नाच्या वेळी तुझ्या मामीनेसुद्धा केली नव्हती."

तिसऱ्या रविवारी बॉबिन कॅमेऱ्यामागून म्हणाली, "मामा, शर्ट सैल वाटतोय. धुतलास का? मागच्या वेळी पोटावर नीट बसत होता."

मामाने खाली बघितलं. "वाटतोय खरा."

"असं नको ना. जुळायला हवा."

"बघतो."

चौथ्या रविवारी शर्ट पहिल्या दिवसासारखा अंगाबरोबर बसला. वहीत तिने लिहिलं, शर्ट जुळला, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्याच सुमाराला मामाचं जेवण कमी झालं. मामी चहा घेऊन दुकानात आली की सगळ्यांसमोर त्याची हजेरी घ्यायची. "हिरो झालेत ना. पडद्यावर पोट दिसतं म्हणे. ताटातलं अर्धं तसंच. मी म्हटलं, अहो, हिरॉइन कोण आहे ते तरी कळू द्या."

मामाने मशिनवर थाप मारली. "ही. तीस वर्षं झाली, एका शब्दाने बोलली नाही."

लांब्या हसताना पुन्हा चौकटीला धडकला. तेव्हापासून सगळे मामाला हिरो म्हणायला लागले. हिरो, मान वर. हिरो, दाराकडे बघा. हिरो बघायचा. तो दाराकडे असा बघायचा की लांब्या कॅमेरा बंद करायचं विसरून जायचा आणि बॉबिनला आपली फिल्म पास झाल्याचं आत्ताच दिसायचं. अकराव्या रविवारी ऊन टेबलावर आलं. मामाने त्या उन्हात कात्री चालवली आणि शूटिंग संपलं.

संकलनाच्या खोलीत सहा संगणक आणि एक पंखा होता. बाई मागे हात बांधून फिरायच्या. "माणूस खुर्चीतून उठायला लागला की तिथे काप आणि थेट दारात पोचलेला दाखव. मधलं प्रेक्षक आपलं आपण करून घेतो. उठणं, बसणं, टेबलाला हात टेकणं, दम घेणं, सगळं बाहेर. लोक उठबस बघायला येत नाहीत."

बॉबिनने कापलं. मामा उठायला फार वेळ लावायचा. आधी डावा हात टेबलावर, मग थांबणं, मग उजवा. तिने ते सगळं काढलं तसा मामा ताडताड चालायला लागला. बघून तिलाच गंमत वाटली.

मग एका दुपारी एक जोड बसेना. मामा मशिनवरून उठतो, हा शॉट दुसऱ्या रविवारचा. कपाटापाशी जाऊन कोट काढतो, हा आधी राहून गेलेला, म्हणून दहाव्या रविवारी घेतलेला.

"काहीतरी इथे..." लांब्या म्हणाला.

"काय?"

"कळत नाही. पण... उडतंय."

बॉबिनने वही काढली. बटण बरोबर, बाह्या बरोबर, पट्टी, खडू, मिशी, सगळं बरोबर. तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि बोट ठेवून शर्टाच्या रेघा मोजायला लागली, बटणांच्या पट्टीपासून बगलेखालच्या शिवणीपर्यंत. दुसऱ्या रविवारी चौदा. दहाव्या रविवारी नऊ.

"दुसरा शर्ट आहे," लांब्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाक्य पुरं केलं असेल. "मामांनी नवा शिवला आणि आपल्याला सांगितलं नाही."

बॉबिनच्या डोक्यात तिडीक गेली. अकरा रविवार ती खडूच्या कोपऱ्यापर्यंत लिहीत बसली होती आणि या माणसाने शर्टच बदलला. वाटेत ती भांडणाची तयारी करत गेली, मामाची उत्तरंसुद्धा मामाच्या आवाजात.

दुकानात मामा एकटाच होता, काजं करत बसलेला. शर्ट पडद्याशेजारच्या खुंटीवर होता.

"हा कितवा?" तिने विचारलं.

"कितवा काय?"

"शर्ट. मला सांगायचं तरी. बाई नापास करतील मला. रेघा कमी आहेत याच्यात."

मामाने सुई टोचून ठेवली आणि तिच्याकडे बघून हसला. खूश होऊन हसला. "मोजल्यास? शाब्बास. डोळा तयार झाला तुझा." मग म्हणाला, "तोच आहे तो. दुसरा घालून तुझं नुकसान करीन का मी?"

तिने शर्ट खुंटीवरून काढला आणि उलटा केला. दोन्ही कुशींना आतल्या बाजूने टिपा होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, अशा सहा. जुन्या टिपा उसवल्या होत्या, पण सुईची भोकं तशीच होती, ओळीने. खांद्यांना आतून कोटाला लावतात तसली पातळ गादी लावलेली होती. आणि जादा झालेलं कापड तसंच आत दुमडून ठेवलेलं होतं, चार बोटं रुंद.

बॉबिनने त्या टिपांवरून बोट फिरवलं. मग पहिल्यांदा तिने शर्ट बाजूला ठेवून मामाकडे बघितलं. त्याच्या अंगात ढगळ सदरा होता आणि सदऱ्यात माणूस फार थोडा होता.

"हे कापड कापलं का नाहीस?" तिला दुसरं काही विचारताच येईना.

"कापत नसतात. माया ठेवायची आत. पुन्हा अंग धरलं तर सोडवता येतं."

"मामा, डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलो होतो ना. पाचव्या रविवारनंतर."

"काय म्हणाले?"

"मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. लगेच."

"मग?"

"ते सगळ्यांना लगेचच म्हणतात. मी नाही का सगळ्यांना परवा म्हणत." तिचा चेहरा बघून त्याने थट्टा सोडली. "अगं, तिथे गेलो की ते झोपवणार, नळ्या घालणार, मिशी काढणार. तुझे सहा रविवार राहिले होते. दाजींना शब्द दिलाय मी. फिल्म अर्ध्यावर टाकून कसा जाऊ?"

"मामीला माहितीये?"

"मामीला मी हिरो झालोय एवढंच माहितीये." त्याने सुई पुन्हा उचलली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पण ओवेना. ती सुई त्याने तिच्यापुढे धरली. "एक सांग. दिसतं का पण? तू मोजल्यास म्हणून तुला दिसलं. बाईंना दिसेल?"

तिने सुई ओवून दिली.

दुसऱ्याच दिवशी मामा मोठ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद चाळले आणि म्हणाले, "दोन महिने आधी आला असतात तर," आणि पुढचं वाक्य लांब्यासारखं सोडून दिलं. बॉबिन दाराशी उभी होती. दोन महिने म्हणजे किती रविवार, हे तिला वहीत बघावं लागलं नाही.

तिने मामाला सांगितलं की ती फिल्म देणार नाही. मामा उशीला टेकून बसला होता. मिशी काढल्यामुळे तो त्याच्याच धाकट्या भावासारखा दिसत होता. "मग मी हे केलं कशाला?" एवढंच तो म्हणाला. रागावून नाही. कपडा नापसंत करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो असाच बघायचा.

म्हणून मग ती रोज दुपारी लॅपटॉप घेऊन त्याच्या खाटेवर बसायची. मामा बोट दाखवायचा. "इथे शिवण दिसतेय. जवळून घे." ती चित्र मोठं करायची, इतकं की कुशीची शिवण चौकटीबाहेर जाईल. "इथे पाठ उघडी पडलीय. पाठीवर रेघा वाकड्या जातात, कुणीही सांगेल." ती पाठ काढून टाकायची आणि त्या जागी कात्री दाखवायची. असं करत करत दोघांनी मिळून फिल्ममधून आजारी माणूस काढून टाकला. राहिला तो पहिल्या रविवारचा मामा. "आता बरं," तो म्हणाला. "आता हिरो दिसतोय."

फिल्म जमा करायच्या चार दिवस आधी मामा गेला.

बॉबिनने फिल्म दिली. मोठ्या पडद्यावर ती लागली तेव्हा लोक हसायच्या जागी हसले, आणि मामाने कोट अंगावर चढवल्यावर कुणी हललं नाही. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "जोड कुठेच दिसला नाही," आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. बाबांचा फोन आला. "मुद्दा एक," ते म्हणाले. तो मुद्दा तिथेच राहिला. "पास झालीस ना," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मामीने फिल्म पहिल्या रांगेत बसून बघितली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात दोघीच असताना, भांडी विसळता विसळता म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने तरी दुखत असणार यांना. मग मला कसं दिसलं नाही गं? मी थट्टा करत बसले. तुझ्या त्या फिल्ममध्येसुद्धा बघ, कसे चालतायत. विशीतल्या पोरासारखे."

"तसा चालत नव्हता तो."

मामीने नळ बंद केला.

"मी कापलंय," बॉबिन म्हणाली. "उठताना वेळ लागायचा. थांबायचा. ते सगळं मी काढलं." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. पाचवा रविवार, डॉक्टर, लगेच, राहिलेले सहा रविवार. शर्टाच्या टिपा. सगळं स्वतःच्या आवाजात. कुणाचा आवाज काढून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

मामीने पदराला हात पुसले. एक एक बोट पुसलं. "ते कापलेलं फेकलंस?"

"नाही. आहे."

"मला तेच बघायचंय."

बॉबिनने लॅपटॉप जेवायच्या टेबलावर ठेवला. काढलेले तुकडे संगणकात ओळीने पडले होते, तारखेप्रमाणे. कुठे दोन सेकंद, कुठे सात. तिने ते एकामागे एक लावले. त्यांना गोष्ट नव्हती. गिऱ्हाईक नव्हतं, कोट नव्हता. एक माणूस खुर्चीतून उठत होता. डावा हात टेबलावर ठेवायचा, डोळे मिटायचा, थांबायचा. मग कॅमेऱ्याकडे चोरून बघायचा, कुणाला दिसलं तर नाही ना म्हणून, आणि उठायचा. पुढच्या तुकड्यात पुन्हा खुर्चीत. पुन्हा डावा हात.

मामी खुर्ची पुढे ओढून बसली होती. दर तुकड्यागणिक टेबलावरचा हात बारीक होत गेला आणि थांबणं लांबत गेलं. नवव्या की दहाव्या तुकड्यात मामाने हात टेकला आणि निम्मा उठून तसाच राहिला.

मामी पडद्याकडे वाकली.

"उठू नका हो," ती म्हणाली. "बसा."